शर्यतीतून उतरलेला कुत्रा

परदेशात कुत्र्यांना दत्तक घरे शोधून देणारी मंडळे आहेत, एवढे म्हटले की सभागृहात प्रथम थोडा हशा पिकतो. माणसांना घरे मिळत नाहीत तिथे कुत्र्यांच्या घरांची कथा काय सांगता, असे आम्हांस एकदोघांनी तोंडावर विचारलेही. प्रश्न रास्त आहे. परंतु कामावरून कमी केलेल्या माणसांच्या थकलेल्या देण्यांचा हिशेब करण्यात आमची उमेद गेली, आणि या मंडळांचा कारभार वाचू लागलो तेव्हा त्यातही तोच हिशेब दिसला. ज्याने काम करून घेतले, त्याने काम संपल्यावरची जबाबदारी घ्यायची की नाही?

आम्ही येथे बोलणार आहोत ते ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांविषयी. लातूर-सोलापूरकडे सशामागे सुटणारा, लांब तोंडाचा, पोट खपाटीला गेलेला कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ग्रेहाउंड कसा दिसतो हे निराळे सांगायला नको. तो ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या गृहस्थाने रुळावरून पळणारा यंत्राचा ससा तयार केला, आणि 1919 साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्या सशामागे कुत्री धावू लागली. 1926 साली मँचेस्टरला बेल व्ह्यू येथे हाच खेळ सुरू झाला. संध्याकाळी गिरणी-कारखाना सुटल्यावर कामगाराला चार पैसे लावता यावेत अशी ती सोय होती. तेव्हा या धंद्याच्या जमाखर्चात आमच्याच वर्गाचा घाम पडला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

हा कुत्रा सुमारे दीड वर्षाचा झाला की शर्यतीत उतरतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की, किंवा पाय मोडला तर त्याही आधी, निकामी ठरतो. आयुष्य मात्र 10 ते 13 वर्षांचे. म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य धंद्याच्या वहीत कुठेच जमा धरलेले नाही. त्याचे काय होई? 2006 साली इंग्लंडात डरहॅम परगण्यातील सीहॅम येथे एक इसम थोडे पैसे घेऊन अशी कुत्री मारतो आणि आपल्या जागेत पुरतो, हे एका वृत्तपत्राने उघडकीस आणले. पुढे खटला झाला तो मारल्याबद्दल नव्हे, परवाना नसताना मृत जनावरे पुरल्याबद्दल. कायद्याने जिवाची नव्हे, जमिनीची काळजी वाहिली.

या निम्म्या आयुष्याची सोय करण्यासाठी मंडळे निघाली. ब्रिटनमध्ये 1974 साली निवृत्त ग्रेहाउंडांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. अमेरिकेत 1980 नंतरच्या दशकात गावोगावी मंडळे उभी राहिली. आपल्याकडे पांजरपोळ आहे. मुंबईत 1832 साली कुत्री मारण्यावरून दंगा झाला आणि 1834 साली पांजरपोळ निघाले, हा आपला इतिहास. पण पांजरपोळात जनावर एका आवारात ठेवतात. या मंडळांपैकी पुष्कळांना आवारच नाही. सभासदांची राहती घरे हेच त्यांचे आवार.

एकाच जातीसाठी निराळे मंडळ कशाला, ही शंका आम्हांसही आली होती. उत्तर असे की जात बदलली म्हणजे अडचणी बदलतात. मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्र्याला काम नसले की तो घर डोक्यावर घेतो. ग्रेहाउंड उलट दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, पण त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, थंडीत त्याला पांघरूण लागते. भूल देण्याची काही औषधे त्याच्या शरीरातून फार सावकाश निघून जातात. रक्तातील तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून जास्त आणि थायरॉइडचे प्रमाण कमी, म्हणून माहितगार नसलेला डॉक्टर निरोगी कुत्र्याला आजारी ठरवण्याचा संभव असतो. ही माहिती जातीचा अनुभव असलेल्या माणसांपाशीच साठते. कापडगिरणीच्या संघाला चामड्याच्या कारखान्याचे प्रश्न चटकन उमगत नाहीत, तसेच हे.

आता कामाची रीत. शर्यतीचा कुत्रा मंडळाच्या हाती येतो तेव्हा त्याने घर म्हणून काही पाहिलेले नसते. अमेरिकेतल्या कुत्र्याच्या कानांत आकडे गोंदलेले असतात: डाव्या कानात वेताचा नोंदणी क्रमांक, उजव्यात जन्माचा महिना, वर्ष आणि वेतातला अनुक्रम. गिरणीच्या फाटकावरचा बिल्लाच म्हणा, फक्त काढून ठेवता येत नाही. असा कुत्रा जिन्यापाशी येऊन थबकतो, काचेच्या दारावर जाऊन आदळतो, गुळगुळीत फरशीवर पाय फाकून उभा राहतो. त्याला झोपेत कोणी हात लावलेला नसतो, म्हणून झोपेत स्पर्श झाला तर दचकून गुरकावतो. हा दुष्टपणा नव्हे, सवय नव्हे एवढेच. पण घरात लहान मूल असेल तर हे आधी समजलेले बरे.

म्हणून दत्तक देण्यापूर्वी त्याला काही आठवडे एखाद्या सांभाळकऱ्याच्या घरी ठेवतात. औषधपाण्याचा खर्च बहुधा मंडळ करते. घर, वेळ आणि धीर सांभाळकऱ्याचा. तो जिना शिकवतो, वेळेवर बाहेर नेण्याची सवय लावतो, मुसके बांधून मांजरासमोर उभे करून पाहतो, आणि काय दिसले ते मंडळाला लिहून कळवतो. खरी मेख इथे आहे. मंडळाकडे पैसा किती यापेक्षा सांभाळाची घरे किती, यावर किती कुत्री बाहेर निघतील हे ठरते. एक घर रिकामे झाले की एक कुत्रा सुटतो. सांभाळकऱ्याला लळा लागून त्यानेच कुत्रा ठेवून घेतला, तर मंडळाला आनंदही होतो आणि एक घर अडकल्याची चुटपुटही लागते.

दत्तक घेणाऱ्याच्या घरी मंडळाचा माणूस जाऊन पाहून येतो. कुंपण किती उंच, घरात दिवसा कोण असते, मांजर आहे काय, असे विचारतो. करारात दोन कलमे सहसा असतातच. कुत्र्याला बाहेर पट्ट्यावाचून सोडायचे नाही, कारण ससा दिसला की तो हाक ऐकत नाही. आणि ठेवणे अशक्य झाले तर परस्पर कोणाला न देता मंडळाकडेच परत आणायचे. दुसऱ्या कलमापुढे आम्ही मान लववतो. आमच्या कित्येक करारांत असे कलम घालायला मालक तयार झाला नाही.

आता भांडणाचा मुद्दा. मंडळाने शर्यतीविरुद्ध बोलावे काय? बोलले तर कुत्रे पाळणारे मालक रागावतात आणि कुत्रा द्यायचे नाकारतात; न बोलले तर धंद्याच्या पापाला पडदा लावल्याचा आरोप येतो. पुष्कळ मंडळे या वादात तटस्थ राहिली. आम्हांला हा पेच अनोळखी नाही. वाटाघाटीला बसणारा आणि फाटकावर घोषणा देणारा, दोघेही एकमेकांस फितूर म्हणतात. आमच्या मते आज पिंजऱ्यात असलेला कुत्रा तटस्थ मंडळ सोडवते, आणि उद्या पिंजऱ्यात जाणारा कुत्रा घोषणा देणारा वाचवतो.

2018 च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी 69 टक्के मतांनी या शर्यतींवर बंदी घातली. तेव्हा अमेरिकेतल्या 17 धावपट्ट्यांपैकी 11 त्या एका राज्यात होत्या. 2020 च्या अखेरीस त्या बंद झाल्या. हजारो कुत्र्यांचे काय होणार अशी हाकाटी झाली होती; घडले असे की कुत्री संपली आणि घेणाऱ्यांची यादी उरली. त्याच 2018 साली मकावची धावपट्टी बंद पडली, तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री मागे राहिली. स्थानिक प्राणिमित्रांनी देशोदेशींच्या मंडळांना हाक घातली आणि त्यांना निरनिराळ्या देशांत घरे मिळाली.

काम कमी झालेल्या अमेरिकन मंडळांपैकी काहींनी आपला मोर्चा स्पेनकडे वळवला आहे. तिथे ग्रेहाउंडसारखाच दिसणारा गाल्गो सशाच्या शिकारीसाठी पाळतात, आणि हंगाम संपला की पुष्कळ जण त्याला वाऱ्यावर सोडतात. स्पेनने 2023 साली प्राणिकल्याणाचा मोठा कायदा केला, पण शिकारीची कुत्री त्यातून वगळली. रोजंदारीवरचा मजूर जसा कायद्याच्या कलमाबाहेर ठेवतात, तसा जो राबतो तोच बाहेर राहिला. त्यामुळे दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी तिथल्या मंडळांचे कार्यकर्ते रस्त्यांवरून आणि शेतांमधून गाल्गो गोळा करतात आणि सांभाळाला कोणाचे घर मोकळे आहे, याची चौकशी सुरू होते.