मांजराच्या दातांची सफाई व तिची पूर्वतयारी

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा या गावाजवळ नंदिनी येथे चुनखडीच्या खाणी आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. पोलाद करण्यास लागणारी चुनखडी या कारखान्याला नंदिनीच्या खाणींनी पुरविली आहे. चुनखडीतील मुख्य धातू कॅल्शियम होय. हेच कॅल्शियम लाळेतही असते, आणि त्याच्यामुळे अहिवाऱ्यातील एखाद्या घरच्या मांजराच्या दातांवरही एक प्रकारचा दगड तयार होत असतो. त्याला कीटण म्हणतात.

कीटण कसे बसते?

प्रौढ मांजराला ३० दात असतात. अन्नाचे कण, लाळ व जंतू यांचा चिकट थर या दातांवर रोज साचतो. तो वेळीच पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होतो. मग हिरड्या लाल होतात व सुजतात. दुखणे येथवरच असेल तर ते पूर्ण बरे होऊ शकते. परंतु दाताला धरून ठेवणारे अस्थी व तंतू एकदा झिजले, की ते पूर्ववत होत नाहीत. तोंडाला दुर्गंधी येणे, लाळ गळणे, एकाच बाजूने चावणे, अन्नाजवळ जाऊन परत फिरणे ही या विकाराची लक्षणे होत. मांजर आपले दुखणे लपविते. ते खात आहे म्हणून त्याचे दात दुखत नाहीत, असे समजू नये.

भूल कशासाठी?

रोगाचे मूळ हिरडीच्या खाली असते. जागे मांजर तेथे उपकरण लावू देणार नाही. म्हणून त्याला पूर्ण भूल दिली जाते व श्वासनलिकेत नळी बसविली जाते. या नळीमुळे श्वासोच्छ्वास सुरळीत चालतो आणि तोंडातील पाणी व कीटणाचे तुकडे फुप्फुसात जात नाहीत. नंतर अतिजलद कंप पावणाऱ्या बारीक टोकाच्या उपकरणाने कीटण काढतात, क्ष-किरणांनी दातांची मुळे तपासतात व शेवटी दात घासून गुळगुळीत करतात. कारण खरबरीत दातावर नवा थर लवकर बसतो.

भूल देण्यापूर्वी पशुवैद्य हृदय व फुप्फुसे तपासतो आणि रक्ताच्या तपासणीवरून मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती जाणून घेतो. मांजर वयस्क असेल तर ही तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते. एखादा दात काढावा लागल्यास मालकाची संमती आहे काय, हेही आधीच ठरवून ठेवावे.

उपाशी ठेवणे म्हणजे काय?

भुलीच्या अमलाखाली गिळण्याची व खोकण्याची क्रिया थांबते. अशा वेळी पोटातील अन्न वर आले तर ते फुप्फुसात शिरून प्राणावर बेतू शकते. म्हणून सुदृढ प्रौढ मांजराला बहुधा ४ ते ६ तास आधीपासून अन्न देत नाहीत. काही पशुवैद्य आदल्या मध्यरात्रीपासून बंद करावयास सांगतात. पाणी सहसा बंद करीत नाहीत. लहान पिलू किंवा मधुमेही मांजर फार वेळ उपाशी ठेवणे धोक्याचे असते; त्याविषयी पशुवैद्याचा शब्द अखेरचा मानावा.

आपल्याकडील मांजर मात्र एका घरचे नसते. ते एका घरी दूध पिते, दुसऱ्या घरी माशाचे डोके मिळविते आणि रात्री उंदीर मारते. ताटली उचलून ठेवल्याने ते उपाशी राहील, ही समजूत चुकीची आहे. आदल्या संध्याकाळीच त्याला एका खोलीत घेऊन दार लावून घ्यावे. तेथे पाणी व मातीचे घमेले ठेवावे आणि घरातील मुलांना व शेजाऱ्यांना सूचना द्यावी. इतके करूनही कोणी काही खाऊ घातले असेल, तर ते पशुवैद्याला स्पष्ट सांगावे. सफाई एक दिवस पुढे गेल्याने बिघडत नाही. सत्य लपविल्याने मात्र मांजर दगावू शकते.

प्रवासाची तयारी

मांजराला नेण्याची झाकणाची टोपली किंवा पिंजरा आठवडाभर आधी घरात उघडा ठेवावा. त्यात त्याच्या अंगाखालचे जुने कापड घालावे व अधूनमधून खाऊ ठेवावा, म्हणजे मांजर आपण होऊन आत बसू लागते. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ही सफाई जवळपास कोठे होते, याची चौकशी तेथे किंवा गावच्या पशुवैद्याकडे आगाऊ करावी. उन्हाळ्यात या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून पहाटे निघावे. टोपलीवर पातळ कापड टाकावे. मांजराला मोकळे मांडीवर घेऊन जाऊ नये.

चालू असलेल्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत. माणसांची वेदनाशामक गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसते, आणि त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

परतल्यावर

भूल उतरेपर्यंत मांजराला उबदार, शांत व जमिनीलगतच्या जागी ठेवावे. उंचावर चढू देऊ नये. घरातील दुसऱ्या मांजराला त्याचा दवाखान्याचा वास परका वाटतो, म्हणून दोघांना काही काळ वेगळे ठेवावे. प्रथम मऊ अन्न थोडे थोडे द्यावे. २४ तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला कळवावे; उपासाने मांजराचे यकृत बिघडू शकते.

दातांवरचा चिकट थर सफाईच्या दिवसापासूनच पुन्हा जमू लागतो. तोंड बरे झाल्यावर मऊ कुंचल्याने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने रोज दात पुसण्याची सवय लावावी. त्यासाठी माणसांची दंतमलम वापरू नये. मांजर ती थुंकत नाही, गिळून टाकते.