दुर्लक्षित धंद्यासाठी एकट्याचे सॉफ्टवेअर

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला एकाच साच्यातले हजारो ग्राहक लागतात. ज्या धंद्याची रीत वेगळी आणि ग्राहक थोडे, तो तिला परवडत नाही. एकट्या प्रोग्रामरला मात्र शे-दोनशे ग्राहकांची वार्षिक फीसुद्धा पुरू शकते.

अशी जागा कशी ओळखावी, हे इंदूरच्या परदेशीपुऱ्यात समजून घेता येते. गिरणी कामगारांच्या या जुन्या भागात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स आहे आणि रेडीमेड कपड्यांचे कॉम्प्लेक्सही आहे. रेडीमेडच्या कामात कापडाचे कटिंग होते, गठ्ठे कारागिरांना वाटले जातात, मग काज-बटण, इस्त्री आणि पॅकिंग. शिलाईची मजुरी बहुधा नगावर ठरते. गठ्ठा कुठे अडकला, कोणत्या साइझचे नग कमी भरले, कारागिराने किती उचल घेतली, हे बिल आणि जीएसटीच्या सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये सहसा दिसत नाही. ते मालकाच्या वहीत असते. त्या वहीतले रकाने हाच नव्या सॉफ्टवेअरचा पहिला आराखडा.

भारतातली दोन मोठी नावे अशाच जवळच्या गरजेतून उभी राहिली. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत यांनी ते लिहिले. 1986 मध्ये सुरू झालेला तो व्यवसाय म्हणजे आजची टॅली. पुण्यात कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले. त्यांवरचा उपाय धाकटे बंधू संजय यांनी 1990च्या दशकाच्या मध्याला लिहिला. या भावांच्या कंपनीने 2007 मध्ये क्विक हील हे नाव घेतले आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात आली. दोन्हीकडे अडचण आधी कळली, प्रोग्राम नंतर आला.

एकट्याने सुरुवात करताना एकच धंदा धरावा. पहिल्या चार-पाच कारखान्यांत बसून काम पाहावे आणि थोडे का होईना, पैसे घ्यावेत. फुकटच्या वापरातून खरी गरज कळत नाही. एका ग्राहकाने सुचवलेला बदल इतरांनाही उपयोगी असेल तरच करावा, नाहीतर प्रत्येकाची वेगळी आवृत्ती सांभाळावी लागते. वार्षिक फीत फोनवरची मदत धरलेली असावी, कारण पुढे बराच वेळ तिथेच जातो.

या व्यवसायातला मोठा धोका म्हणजे सगळे एका माणसावर अवलंबून असणे. म्हणून ग्राहकाचा हिशेब रोज त्याच्याच संगणकावर उतरला पाहिजे आणि साध्या तक्त्यात उघडता आला पाहिजे. प्रोग्रामर आजारी पडला तरी कारागिरांची मजुरी वेळेवर निघेल, एवढी सोय पहिल्या दिवसापासून हवी.