अर्ध्या चेहऱ्याची किंमत

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ साली दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ थाटला. नर्गिस, मीनाकुमारी, राज कपूर, दिलीपकुमार असे हिंदी सिनेमातले मोठमोठे चेहरे पुढे त्या दिव्यांखाली येऊन बसले. त्या काळातले स्टुडिओचे कृष्णधवल प्रिंट आज हातात घेतले, की आधी डोळ्यांत भरतो तो त्यांतला काळा रंग. एक गाल जवळजवळ नाहीच, कान गडप, केस कुठे संपतात आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा अंधारात ठेवायचा आणि वर पूर्ण पैसे घ्यायचे, हे आधीच्या पिढीतल्या फोटोग्राफरला कुणी सांगितलं असतं तर त्यानं कोपरापासून हात जोडले असते.

त्या पिढीचं शिक्षणच वेगळं होतं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास शहरात व्यवसाय मांडला. दिवा नव्हताच, होतं ते ऊन. काचेचं छप्पर, शक्यतो उत्तरेकडून येणारा उजेड आणि तो कमीजास्त करायला ओढायचे पडदे, एवढ्यावर स्टुडिओ चालायचा. ओल्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश तेवढा दिसे. तांबडा, पिवळा त्याच्या गावीही नसे. आपल्याकडचा सावळा-गव्हाळ वर्ण त्यामुळे प्रिंटमध्ये प्रत्यक्षाहून काळवंडायचा. त्यावर आणखी सावली पाडायची म्हणजे चेहऱ्यावर पाणीच सोडायचं. शिवाय काही सेकंद स्तब्ध बसावं लागे, मानेमागे लोखंडी आधार लावलेला असे. अशा अवस्थेत माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो त्याला भाव म्हणायचं की शिक्षा, हा प्रश्नच आहे.

पण दोष सगळा रसायनाचा नव्हता. गिऱ्हाइकालाही सावली नकोच होती. फोटो काढणं हा खर्चिक सोहळा, आणि तो काढायचा तर पगडीची घडी, शालूचा काठ, नथीतला प्रत्येक मोती दिसायला हवा. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. त्यांच्यासमोर बसणाऱ्या संस्थानिकांना छातीवरचं एकेक पदक मोजून दाखवायचं होतं. बालगंधर्वांची स्त्रीवेशातली बहुतेक छायाचित्रं पाहा: नजर, मान, पदराचा कल यांत सगळा अभिनय आहे, पण उजेड साधा, सगळीकडे सारखा पसरलेला. भाव नटानं आणायचा, दिव्यानं नाही, अशी ती कामाची वाटणी होती.

ही वाटणी मोडली सिनेमानं. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाश पहिल्यांदा वापरल्याचं श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ला (१९२३) दिलं जातं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांतारामबापूंनी पुढे ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) चंद्रमोहनचा नुसता डोळा पडदाभर दाखवला आणि प्रेक्षक चरकला. त्याच साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली. तिथे कॅमेऱ्यामागे होता म्युनिकहून आलेला योझेफ विर्शिंग. जर्मन सिनेमाची काळोखाशी असलेली सलगी त्यानं देविका राणीच्या चेहऱ्यापर्यंत आणून पोहोचवली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. सुटल्यावर तो पुन्हा कामाला लागला आणि १९४९ च्या ‘महल’मध्ये मधुबालाला त्यानं असं काही उजळलं, की ती बाई आहे की भास हे ठरवणं प्रेक्षकावर सोपवलं.

तोवर साहित्यही बदललं होतं. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रुळली आणि तिच्याबरोबर पिवळसर उजेडाचे मोठे बल्ब स्टुडिओत आले. ऊन कलतं, ढगाआड जातं. बल्ब सांगाल तिथे उभा राहतो. हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल यानं हा बल्ब आडव्या दांडीला टांगून ताऱ्यांच्या डोक्यावर नेला. तिकडे ओटावात यूसुफ कार्श हा आर्मेनियन निर्वासित एका हौशी नाट्यसंस्थेत जाऊन रंगमंचाचे दिवे न्याहाळत बसायचा आणि त्याच शिदोरीवर त्यानं १९४१ मध्ये चर्चिलचा तो प्रसिद्ध, चिडका फोटो काढला. उजेडाचं नाट्य ही मंडळी रंगमंचावरून किंवा सिनेमाच्या सेटवरून शिकली. काचेच्या छपराखाली ते शिकता आलं नसतं.

ते शिक्षण नेमकं काय असतं, हे एका दिव्यात समजतं. खुर्चीवर माणूस बसवा. पाचशे वॉटचा एकच बल्ब अगदी समोर, डोक्यापेक्षा थोडा वर धरा. नाकाखाली छोटीशी, दोन पंखांची सावली पडते, गालांची हाडं वर येतात, हनुवटीखालचं लोंबतं मांस झाकलं जातं. मार्लेन डीट्रिखचा चेहरा याच प्रकाशावर उभा आहे. आता स्टँड हळूहळू बाजूला सरकवा. नाकाची सावली लांबते, गालावर उतरते आणि एका क्षणी गालाच्या सावलीला जाऊन मिळते; पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. रेम्ब्राँटच्या चित्रांवरून या प्रकाशाला त्याचंच नाव पडलं आहे. माणूस एकदम विचारात पडल्यासारखा दिसू लागतो. त्याच्या डोक्यात कदाचित दुपारच्या जेवणाचाच विचार चाललेला असेल. आणखी सरकवा, चेहऱ्याचे सरळ दोन तुकडे होतात. दिवा वाजवीपेक्षा वर नेला तर खोबणी काळ्या पडतात आणि बुबुळातला पांढरा ठिपका जातो. तो ठिपका गेला की डोळा मेला, हे कुठलाही जुना फोटोग्राफर सांगेल. खाली, गुडघ्याशी नेला तर भूत तयार.

आता दुसऱ्या बाजूला पांढरी फळी धरा. आपल्याकडे थर्माकोलचा तुकडा सगळ्यात सोयीचा. फळी जवळ आणली की सावली पातळ होते, लांब नेली की गडद. चेहरा तोच, मुख्य दिवाही तोच. पण फळी गालाशी असताना जो माणूस नुसता थकलेला वाटतो, तो फळी काढून घेतल्यावर खचलेला वाटतो. मुख्य दिव्यापुढे बटर पेपर लावला की सावलीची कड मऊ होते, कारण प्रकाश एका बिंदूतून न येता सगळ्या कागदातून येऊ लागतो. या धंद्यातली निम्मी विद्या एवढीच आहे. उरलेली निम्मी म्हणजे कुणासाठी फळी किती लांब ठेवायची, याचा निर्णय.

तो निर्णय पाचव्या-सहाव्या दशकातल्या मुंबईत बराचसा ठरून गेलेला होता. नायकाला बाजूनं येणारा कडक उजेड, खलनायकाला खालून. नायिकेला समोरून, वरून, मऊ. तिच्या मागे केसांना कड देणारा एक दिवा हमखास. बाईच्या चेहऱ्यावर गडद सावली पडायला तिला आधी दुःख व्हावं लागे! मीनाकुमारीच्या वाट्याला ती आली, कारण तिच्या भूमिकाच तशा. मला हा दंडक नेहमी खटकत आला आहे. पुरुषाच्या अंधाराला व्यक्तिमत्त्व म्हणायचं आणि बाईच्या अंधाराला शोकांतिका, असा तो हिशेब. ठक्कर यांच्या नर्गिसकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते तिथे हा हिशेब चुकतो म्हणून. ती रडकी दिसत नाही, गूढही नाही. आपल्याच विचारात असलेली, कुणाकडून काही नको असलेली बाई दिसते.

गल्लीतल्या स्टुडिओपर्यंत यातलं काय पोहोचलं? हौशी तरुण हनुवटीवर मूठ टेकवून, देव आनंदसारखी मान कलती करून बसत आणि फोटोग्राफर एक दिवा बंद करून त्यांची हौस भागवत असे. पण लग्नासाठी स्थळाकडे पाठवायच्या मुलीच्या फोटोत सावलीला थारा नव्हता. सावली दिसली की समोरच्या पार्टीला शंका: डोळ्यात काही दोष तर नाही ना लपवला? रंग तर नाही ना दडवला? समोरून दोन दिवे सारख्या अंतरावर लावले, की चेहरा सपाट आणि एक पट्टी उजळ होई. उरलंसुरलं काम रिटचिंगच्या डेस्कवर. निगेटिव्ह खालून उजळलेल्या काचेवर ठेवायची, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं सावलीच्या जागी बारीक बारीक ठिपके भरायचे. निगेटिव्हमध्ये पेन्सिलीचा काळा रंग पडला की प्रिंटमध्ये ती जागा गोरी होते. डोळ्याखालची जागरणं, गालावरचा देवीचा व्रण, ओठांजवळची मुरड असं करत बरंचसं आयुष्य त्या टोकाखाली पुसलं जाई. ही कारागिरी अफाट होती आणि तिचा उपयोग बहुतेक वेळा चेहऱ्याविरुद्ध झाला, असं माझं मत आहे.

मग रंग आला आणि सावलीचे दिवस फिरले. रंगीत फिल्मला, विशेषतः ट्रान्सपरन्सीला, उजेड आणि अंधार यांतलं फार मोठं अंतर झेपत नाही. गडद भाग छपाईत चिखलासारखा दिसतो. मासिकांच्या मुखपृष्ठांना चकचकीत कातडी हवी होती. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणि त्याच्यापुढची पांढरी छत्री, पुढे सॉफ्टबॉक्स, यांनी ती दिली.

या मऊ उजेडाचा सर्वांत मोठा कलावंत मराठी निघाला. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे विद्यार्थी, सेंट झेवियर्समध्ये काही काळ शिकवलं, मग लिंटास या जाहिरात कंपनीत गेले. १९८० च्या सुमाराला शबाना आझमी, टीना मुनीम यांच्या छायाचित्रांनी सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये ‘फेसेस’ हे पुस्तक आलं. त्यांच्याकडे सावली नाहीशी झाली नाही, पण तिचा आवाज खाली आला. भाव काढायचा तो गप्पांतून, विश्वासातून. समोरचा माणूस सैलावला की बटण दाबायचं. लता मंगेशकरांसारखी कॅमेऱ्यापुढे संकोचणारी व्यक्ती त्यांच्यासमोर मोकळी दिसते, ही त्या पद्धतीची कमाई. तोटाही आहे. ‘फेसेस’ एका बैठकीत चाळलं तर सगळीच माणसं सारखीच लाडकी वाटू लागतात. कुणाबद्दल थोडी भीती वाटावी, थोडा संशय यावा, असं क्वचितच होतं. २०११ च्या सप्टेंबरात ते गेले, तेव्हा फिल्मचा रोल जवळपास इतिहासजमा झाला होता.

त्यानंतरचं फार लांबण लावण्यासारखं नाही. रिंग लाइटनं नाकाची सावली पार घालवली आणि बुबुळात ठिपक्याऐवजी कडं आणलं. २०१७ पासून आयफोनमध्ये स्टेज लाइट नावाची सोय आली: उजेड आहे तसाच राहतो आणि चेहऱ्याभोवतीचा काळोख फोन आकडेमोड करून भरतो. हरेल दांडी टांगून जे करायचा ते आता बोट टेकवून होतं, फक्त त्यात कानाची कड अधूनमधून कापली जाते.

गंमत म्हणजे गडद फोटोंची मागणी पुन्हा वाढली आहे. लग्नाच्या फोटोग्राफर मंडळींकडे नवरानवरी हल्ली ‘मूडी’ फोटो मागतात. खिडकीशी एक गाल उजळलेला, बाकी अंधार. ते इन्स्टाग्रामवर जातात. छापील अल्बम मात्र घरातली मोठी माणसं पाहणार असतात, त्यामुळे तेच फोटो पुन्हा उजळून वेगळे काढावे लागतात. अनुभवी फोटोग्राफर हे काम आता दरपत्रकातच लावून टाकतात.