प्लॉट तुमच्या नावावर, तर परवानगीही तुम्हीच बघा

आज बोलायचं आहे घर बांधण्याच्या कागदांबद्दल. “हे काम घरच्या माणसांचं” असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आपल्या नागपुरात कितीतरी प्लॉट बायकांच्या नावावर आहेत. कुणाचा माहेरच्या पैशांतून आलेला, कुणाचा गटाच्या कर्जातून. राहतं घर बाईच्या नावावर विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. म्हणून हौसेनं बाईचं नाव लावतात. पण जागा जिच्या नावावर, बांधकामाची परवानगी तिच्याच नावानं निघते. आणि परवानगी नसली तर नोटीसही तिच्याच नावानं येते. तोवर ठेकेदार दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

ठेकेदाराचंच आधी सांगते. बऱ्याच जणी विचारतात, याचं लायसन्स कसं तपासायचं? खरं असं आहे की आपल्या राज्यात खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लागतो, त्यासाठी राज्याचं मंडळ आहे. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदारांची नोंदणी होते, पण ती सरकारी कामं घेण्यासाठी. काल सेंट्रिंग लावणारा मिस्त्री आज स्वतःला ठेकेदार म्हणवू शकतो. त्यात काही चांगले असतात, काही नसतात. कायदा ज्यांच्यावर भरवसा ठेवतो ते लोक वेगळे आहेत: वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट, परवानाधारक अभियंता आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर. नकाशावर सही त्यांची लागते आणि कॉलम-स्लॅबचं गणित त्यांच्या नावावर असतं. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या कायद्यानं दिल्लीच्या वास्तुकला परिषदेकडे असते, तिचा नंबर मागून घ्या. वायरिंगचं काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो.

आता जागा. ही आपल्या शहरातली सगळ्यात मोठी गुंतागुंत आहे. शेतीच्या जमिनीचे तुकडे पाडून, कच्चे रस्ते आखून प्लॉट विकले गेले, आणि लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ते घेतले. हे गुंठेवारीचे ले-आउट. २००१ मध्ये राज्यानं ते नियमित करण्याचा कायदा केला. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतची कामं त्यात बसत होती, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. नागपुरात ५७२ आणि १९०० ले-आउट म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि ‘आरएल’ म्हणजे नियमितीकरणाचं पत्र हेही कळतं. ते पत्र नसेल तर पुढचं काहीच होत नाही. महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास या दोन कार्यालयांमध्ये या ले-आउटचे अधिकार शासनानं मधल्या काळात इकडून तिकडे फिरवले. म्हणून पैसे भरण्याआधी आपला ले-आउट आज कुणाकडे आहे, ते सिव्हिल लाइन्सला महापालिकेच्या नगररचना विभागात आणि सदरला नासुप्रमध्ये जाऊन विचारा. शहराबाहेरच्या गावांसाठी एनएमआरडीए आहे. दलालाच्या तोंडावर विसंबू नका. विक्रीपत्र, सातबारा किंवा आखीव पत्रिका आणि मंजूर ले-आउटचा नकाशा सोबत असू द्या.

जागेचे कागद नीट असले की परवानगी वाटते तितकी अवघड राहिलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. मुंबई सोडून जवळपास सगळीकडे ती लागू आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं, कमी उंचीचं घर बांधायचं असेल तर तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा दाखल करून शुल्क भरायचं. त्याची पोच हीच परवानगी. आपल्याकडचा तीस बाय पन्नासचा प्लॉट १५०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १३९ मीटर. तो यात बसतो. १५० ते ३०० मीटरच्या प्लॉटसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. सवलत कागदांच्या फेऱ्यांना आहे, नियमांना नाही. बाजूला मोकळी जागा सोडावीच लागते, आणि नकाशात एक मजला दाखवून दोन चढवले तर ते काम बेकायदाच ठरतं.

काम सुरूच झालं नसेल तर परवानगी दरवर्षी नवी करून घ्यावी लागते, एकूण चार वर्षांपर्यंत. जोतं झालं की तसं कळवायचं असतं. ही पायरी लोक टाळतात. पण भिंत हद्दीबाहेर गेली असेल तर ते जोत्यालाच कळलेलं बरं, स्लॅब पडल्यावर नव्हे. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. घरात राहायला जाण्याआधी ते घ्यायचं असतं.

इथे एक गैरसमज फार आहे. “आम्ही टॅक्स भरतो, मीटर आहे, नळ आहे, मग घर बेकायदा कसं?” टॅक्सची पावती ही परवानगी नव्हे. बेकायदा बांधकामावरही महापालिका कर घेऊ शकते, शास्तीसुद्धा लावू शकते. त्यानं काम नियमित होत नाही.

या नियमांमागे काय असतं ते नागपूरनं पाहिलं आहे. २०१७ मध्ये उत्तर नागपुरात उच्चदाब वीजवाहिनीच्या धक्क्यानं दोन जुळी भावंडं गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, आणि वाहिन्यांखाली किती घरं उभी आहेत ते बाहेर आलं. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून घर आडवं किमान १.२ मीटर दूर हवं, ३३ हजारपर्यंत दोन मीटर. गॅलरी पुढे काढताना किंवा कपडे वाळवायची दोरी बांधताना हे अंतर कुणी मोजत नाही. पुढे २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, जीव गेले. त्या पुराला कारणं अनेक होती, पण नाल्याला खेटून प्लॉट स्वस्त मिळतो तेव्हा तो स्वस्त का, हे विचारायला हवं.

ठेकेदाराशी ठरलेलं कागदावर उतरवा. रेट मटेरियलसह की नुसत्या मजुरीचा, स्लॅबची जाडी, सळीचा आकार, सिमेंट कोणतं, सगळं. पैसे जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी द्या, आणि बँकेतून द्या. भाऊजींच्या ओळखीचा माणूस असला तरी. काम निकृष्ट झालं किंवा अर्धवट टाकलं, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे तोंडी बोलणं सिद्ध करणं जड जातं.

आणि नोटीस आलीच तर दडवू नका. पोच द्या, तारीख लिहून ठेवा. मुदतीत काम नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबल्याशिवाय घर पाडता येणार नाही. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग किंवा नदी-नाल्यावरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

एक राहिलं. ठिय्यावरून तुमच्या कामावर येणाऱ्या रेजा बायांना बांधकाम कामगार मंडळात नोंद करायची असेल, तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतात. करार लिहिताना ही अटही त्यात घाला.