श्वासाचा पेसमेकर

'सीसीएचएस' हा जन्मजात, फार दुर्मीळ आजार. मूल झोपलं की त्याचा श्वास उथळ होत जातो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, पण जीव घाबरत नाही, कारण मेंदूला तो इशारा पोहोचतच नाही. बहुतेकांत याचं मूळ फॉक्स-टू-बी या जनुकात असतं, हे २००३ मध्ये कळलं. काही मुलांना जागेपणीही व्हेंटिलेटर लागतो. "पेसमेकर बसवला तर मशीन सुटेल का?" हा प्रश्न विशेषतः त्यांच्या आईवडिलांचा.

सुटेल, पण चोवीस तास नाही.

श्वासपटल हलवणाऱ्या दोन फ्रेनिक नसा मानेतून छातीत उतरतात. हा पेसमेकर, म्हणजेच पेसर, बसवताना शस्त्रक्रियेत दोन्ही नसांवर इलेक्ट्रोड लावून ते त्वचेखालच्या रिसीव्हरला जोडतात. वरून अंगावर चिकटवलेली अँटेना रेडिओलहरी पाठवते. बॅटरी बाहेरच्या छोट्या पेटीत असते, म्हणून ती बदलायला पुन्हा चिरफाड नको. येल विद्यापीठातल्या विल्यम ग्लेन यांनी ही पद्धत १९६० च्या दशकात आकाराला आणली. नस आणि स्नायू दोन्ही शाबूत हवेत. स्नायूंचे किंवा त्यांच्या नसांचेच विकार असतील, तर हा मार्ग नाही.

नसेला सतत झटके दिले तर श्वासपटल थकतं. म्हणून चोवीस तास आधार लागणारी मुलं सहसा दिवसा पेसर, रात्री व्हेंटिलेटर वापरतात. दिवसा हिंडता येतं, शाळेत जाता येतं. माझ्या मते खरी कमाई हीच.

घशाची गोष्ट मात्र आईवडिलांना बहुधा उशिरा कळते. आपण श्वास घेतो तेव्हा मेंदू श्वासपटलाबरोबर घशाचे स्नायूही ताठ ठेवतो. पेसर फक्त श्वासपटल ओढतो. सैल घसा आत ओढला जाऊन बंद होतो, झोपेत तर जास्तच. त्यामुळे लहान मुलांच्या गळ्यातलं ट्रॅकिओस्टॉमीचं छिद्र पुष्कळदा तसंच ठेवावं लागतं. शिवाय पेसरची गती ठरलेली. मूल धावतंय की तापानं फणफणलंय, त्याला पत्ता नसतो. मुलाचा ऑक्सिजन घसरला तरी पेसर ओरडून सांगत नाही, म्हणून वेगळा पल्स ऑक्सिमीटर लागतोच.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: फ्रेनिक नसांची तपासणी झाली का, गळ्यातली नळी राहणार का, आणि पेसर बंद पडला तर घरात दुसरी सोय कोणती?