सुमोच्या रिंगणातला रोजेदार

दिंडोशीत पहाटे सहरी करून कुणी बस डेपोत ड्युटीला निघतो, कुणी बांधकामावर. ‘रोजा धरून एवढं अंगमेहनतीचं काम झेपतं कसं?’ असं शेजारीपाजारी आपुलकीनं विचारतात. जपानमध्ये हाच प्रश्न एका सुमो पैलवानाला विचारला जाई.

सुमो मुंबईला अगदीच अनोळखी नाही. इथल्या हेतल दवे २००९ साली तैवानमधल्या वर्ल्ड गेम्समध्ये सुमो खेळल्या. पण तो हौशी सुमो. व्यावसायिक सुमो जपानातच चालतो आणि तोही फक्त पुरुषांचा. नव्या पैलवानानं आखाड्यातच राहायचं, सकाळी उपाशीपोटी सराव करायचा आणि मग भरपेट जेवायचं, हा तिथला नेम.

इजिप्तचा अब्देलरहमान शालान २०१२ मध्ये या रिंगणात उतरला. त्याला नाव मिळालं ‘ओसुनाअराशी’, म्हणजे वाळूचं मोठं वादळ. आफ्रिकेतून आलेला हा पहिला व्यावसायिक सुमो पैलवान. जुलै २०१३ मध्ये तो पगारी श्रेणीत पोहोचला आणि नागोयाची स्पर्धा सुरू असतानाच रमजान लागला. दमट उन्हाळा, पंधरा दिवसांत पंधरा कुस्त्या आणि सूर्यास्त संध्याकाळी सातनंतर. ज्या खेळात वजन हीच पुंजी, तिथं त्यानं रोजे धरले. कुस्तीआधी पाण्यानं चूळ भरण्याची तिथं प्रथा आहे. घोट आत जाऊ न देणं रोजेदाराला नवं नाही. वजू करताना तो तेच सांभाळतो. त्या स्पर्धेत त्यानं दहा कुस्त्या जिंकल्या. पुढच्या वर्षी जुलै महिन्यात तर लागोपाठ दोन दिवशी काकुर्यू आणि हारुमाफुजी या दोन योकोझुनांना, म्हणजे सर्वोच्च पदाच्या पैलवानांना, त्यानं हरवलं.

ही कारकीर्द २०१८ मध्ये अचानक संपली. सुमो पैलवानांना गाडी चालवायला मनाई असते. त्यानं परवाना नसताना गाडी चालवली, अपघात झाला आणि चौकशीत तो सुरुवातीला खरं बोलला नाही. सुमो संघटनेनं त्याला निवृत्त व्हायला लावलं. तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.

रोजा पोटाइतकाच जिभेचाही असतो, असं घरातली वडीलधारी माणसं मुलांना सांगतात. भुकेला हरवणं ओसुनाअराशीला जमलं होतं. जिभेचा रोजा त्याहून अवघड, कारण तो ईदच्या चंद्रानंतरही सोडायचा नसतो.