बोगदा कुणाच्या मापाचा?

आसेगाव हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. याच तालुक्यात शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर-मुंबई या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यासाठी साधारण १२० मीटर रुंदीचा पट्टा घेतला गेला. दोन्ही अंगांना कुंपण, चढणं-उतरणं ठरावीक ठिकाणीच. वावराचे दोन तुकडे झाले की शेतकऱ्याचं सगळं येऊन ठेपतं रस्त्याखालच्या बोगद्यावर.

त्याची जागा आणि माप आराखड्यातच ठरतं. बैलबंडी जाईल एवढा बोगदा सोयाबीनच्या हार्वेस्टरला पुरत नाही. तळ शिवारापेक्षा खाली गेला तर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. भरावामुळे नाल्याचं पाणी अडलं तर काळ्या जमिनीत तूर उभी वाळते. पाणी नेमकं कुठून वाहतं हे नकाशापेक्षा गावाला जास्त ठाऊक असतं.

नवा रस्ता येताना हे सांगायची जागा म्हणजे जनसुनावणी. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, किमान ३० दिवस आधी सूचना देतं. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. सुनावणीत ‘रस्ता नको’ एवढंच म्हटलं तर इतिवृत्तात एक ओळ उरते. ‘अमुक गटाजवळ इतका उंच बोगदा हवा’ म्हटलं, तर त्याचं उत्तर द्यावं लागतं. पुढे संयुक्त मोजणीत विहीर, पाइपलाइन, झाडं कागदावर आली का, हे तिथल्या तिथे पाहावं. सुटलेल्या गोष्टीच्या मोबदल्यासाठी पुढे हेलपाटे ठरलेले.

मोबदल्याचंही तसंच. समृद्धीसाठी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना आली, शेतकऱ्यांनी विरोध केला, मग थेट खरेदीचा पाचपट मोबदल्याचा मार्ग निघाला. विरोधाने रस्ता थांबला नाही, अटी मात्र बदलल्या.

राहिले रस्ता ओलांडणारे वन्यप्राणी, म्हणजे रोही (नीलगाय) आणि काळवीट. जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आहे. काळवीट उघड्या माळरानाचा प्राणी. लांब, अरुंद, अंधाऱ्या बोगद्यात तो शिरायला कचरतो. म्हणून अशा ठिकाणी रुंदी आणि उजेड हवा. समृद्धीवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने प्राण्यांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग बांधले. त्याआधी पेंचजवळच्या महामार्गाखाली असे नऊ मार्ग झाले होते. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा, आणि कॅमेऱ्यांत त्याखालून जाणारे वाघही टिपले गेले. जनावरांच्या वाटेवर रात्री ट्रॅक्टर-मोटारसायकलींची वर्दळ सुरू झाली, तर ती फिरकत नाहीत. म्हणून शेताची वाट वेगळी मागावी, तीही आराखडा कच्चा असतानाच.